जुन्या छोट्या गाडीचा पिकअप वाढवायचाय? आधी वही काढा, मग पाना



महाडमध्ये माझं स्पेअर पार्ट्स आणि ॲक्सेसरीजचं दुकान आहे आणि रविवारी नवीन उद्योजकांची बॅच घेतो. दोन्हीकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. "सर, धंद्यासाठी दहा-बारा वर्षांची अल्टो घेतलीय. घाटात ओढत नाही. काय बसवू?" कोणाची अल्टो, कोणाची वॅगन-आर, कोणाची ओम्नी. भांडवल सगळ्यांकडे जवळपास सारखंच, म्हणजे कमी. पंधरा-वीस हजार बाजूला ठेवलेले असतात आणि ते एकदाच खर्च होणार असतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मोठा सायलेन्सर, अलॉय व्हील, कोन फिल्टर यांवर माझं मार्जिन चांगलं आहे. ब्रेक ऑइलच्या बाटलीवर जेमतेम चहाचे पैसे सुटतात. तरीही या लेखात मी तुम्हाला ब्रेक ऑइलकडेच नेणार आहे. कारण अलॉय घेऊन गेलेला माणूस सहा महिन्यांनी हप्ता थकला म्हणून गाडी विकायला काढतो, आणि ब्रेक-टायर करून गेलेला माणूस दोन वर्षांनी दुसरी गाडी घेऊन पार्ट्स न्यायला येतो. मला दुसरं गिऱ्हाईक परवडतं.

आपल्या रस्त्याला काय लागतं

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून 'परफॉर्मन्स' म्हणजे शून्य ते शंभर किती सेकंदात, असं डोक्यात बसतं. आपल्याकडे महाड-पोलादपूर पट्ट्यात शंभरला गाडी न्यायची वेळ धंद्यात येत नाही. आपली परीक्षा वेगळी आहे. कशेडीला बोगदा झाल्यामुळे खेडकडे जाणाऱ्यांचं काम हलकं झालं. वरंधा घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंदच असतो. पण पोलादपूरहून महाबळेश्वरला माल द्यायचा तर आंबेनळी चढावीच लागते आणि संध्याकाळी उतरावीही लागते.

जरा आकडे बघू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर. पोलादपूर पायथ्याला. म्हणजे चाळीसेक किलोमीटरमध्ये गाडी साधारण सव्वा किलोमीटर सरळ वर उचलायची. अल्टो ८०० चं इंजिन ७९६ सीसी, नवीन असताना ४८ पीएस. गाडीचं वजन सातशे किलोच्या आसपास, तुम्ही, पेट्रोल आणि दोनशे किलो माल धरला की झाले हजार किलो. त्यात उंचीवर हवा विरळ होते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला ढोबळमानाने एक टक्का उतरते. वर पोहोचेपर्यंत नव्या इंजिनाचेही ४८ चे ४२ झालेले असतात. हा गाडीचा दोष नाही, निसर्गाचा नियम आहे. प्रतापगडाच्या फाट्यापुढे गाडी थोडी आळसावली म्हणून गॅरेजवाल्याशी भांडू नका.

आता प्रश्न असा की तुमच्या जुन्या गाडीच्या ४८ पैकी आज किती शिल्लक आहेत? बारा वर्षांत प्लग, फिल्टर, घासणारे ब्रेक, कमी हवेचे टायर, सरकणारा क्लच यांत मिळून बरीच ताकद गळालेली असते. ही गळती बंद करणं हे सगळ्यात स्वस्त 'अपग्रेड' आहे. नवीन ताकद विकत घ्यायला गेलात तर प्रत्येक पीएस सोन्याच्या भावाने पडतो.

पहिले मोजा

धंद्यात स्टॉक न मोजता माल भरत नाही ना आपण? इथेही तेच. टाकी फुल करा, किलोमीटर लिहा, नेहमीच्या रस्त्याला नेहमीचा माल घेऊन चार-पाच दिवस चालवा, पुन्हा त्याच पंपावर टाकी फुल करा. आलेलं ॲव्हरेज वहीत लिहा. मग एक ठरलेला चढ पकडा, मालासकट, कुठल्या गिअरवर चढतो ते लिहा, वर पोहोचल्यावर टेंपरेचरचा काटा कुठे आहे तेही लिहा. एवढं केलं की पुढच्या प्रत्येक खर्चानंतर तुमच्याकडे 'वाटतंय पिकअप वाढला' याच्याऐवजी आकडा असेल. नवीन पार्ट बसवल्यावर सगळ्यांनाच गाडी उडतेय असं वाटतं. पैसे दिलेले असतात ना.

ॲव्हरेजची तुलना करताना एक लक्षात ठेवा. आता पंपावर ई२० पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० मध्ये लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते. आधीच्या मालकाने २०१५ साली किती ॲव्हरेज काढलं होतं, त्याच्याशी आज तुलना करून इंजिन खोलायला देऊ नका. तुमची तुलना तुमच्याच मागच्या महिन्याशी. ई२० मुळे जुन्या गाडीत एक काम मात्र नक्की करा: पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा तपासून घ्या. कडक झालेली, तडे गेलेली नळी लगेच बदला. हा खर्च शेकड्यातला आहे, आणि इथे पेट्रोल गळण्याशी गाठ आहे.

मोजणीतच अजून एक टेस्ट: कॉम्प्रेशन. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला गेज लावतात, अर्ध्या तासाचं काम. तिन्ही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असले की इंजिन अजून धडधाकट. एखादा खूप खाली असेल तर तिथेच थांबा. व्हॉल्व्ह किंवा रिंगचं काम असलेल्या इंजिनावर बाहेरून काहीही बसवलं तरी पैसे पाण्यात.

पाण्यावरून आठवलं. २२ जुलै २०२१ चा महाडचा पूर आपल्याला सांगायला नको. त्या पुरात बुडालेल्या गाड्यांपैकी बऱ्याच धुऊन-पुसून पुन्हा रस्त्यावर आल्या, आणि दोन-तीन हात बदलून आजही स्वस्तात मिळतात. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, टोकाला चिखलाची रेघ दिसते का. कार्पेट उचला, सीटच्या पट्ट्यांखाली गंज बघा, फ्यूज बॉक्समधल्या पिना हिरवट पडल्यात का बघा. अशा गाडीत पिकअपचा त्रास बहुतेक वेळा वायरिंगमध्ये असतो. कनेक्टर गंजलेला असतो, सेन्सर चुकीचं रीडिंग देतो, आज चालते आणि उद्या घाटात बंद पडते. तिथे नवीन फिल्टर काय करणार?

गळती कुठे कुठे असते

सुरुवात स्वस्तापासून. एअर फिल्टर. हायवेचं काम वर्षानुवर्षं चालल्यामुळे आपल्या भागात धूळ जबरदस्त आहे. मॅन्युअलमध्ये जो आकडा दिलाय तो साध्या रस्त्याचा, धुळीच्या रस्त्याला त्याच्या आधी बदला. हवा मारून मारून तोच फिल्टर दोन वर्षं वापरणारे लोक आहेत. फिल्टर दोन-तीनशे रुपयांचा, आणि वाचवतात कशाला, तर महिन्याचं हजाराचं पेट्रोल जाळायला. स्पार्क प्लग तीनच लागतात, तेही परवडणारे. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या, पेट्रोल फिल्टर कधी बदलला हे कोणालाच आठवत नसेल तर बदला. जुन्या मारुती ८०० मध्ये टॅपेट सेटिंगने खूप फरक पडतो, पण ते ऐकून हात बसलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्या.

मग चाकं. जॅक लावा, गाडी न्यूट्रलला घ्या, हॅन्डब्रेक सोडा आणि चाक हाताने फिरवा. एखादं चाक जड फिरत असेल तर ब्रेक पूर्ण सुटत नाहीये. म्हणजे तुम्ही दिवसभर एका चाकाचा ब्रेक दाबून गाडी चालवताय. गाडी वापरात कमी असेल आणि पावसाळ्यात उभी राहत असेल तर हे हमखास होतं. पिना साफ करून ग्रीस करणं एवढंच काम असतं बऱ्याचदा. असा 'पिकअप नाही' दोनशे रुपयांत बरा होतो, पण सायलेन्सर विकणारा तुम्हाला चाक फिरवून दाखवणार नाही.

थर्मोस्टॅटबद्दल जरा जास्त बोलतो, कारण हा आपल्याकडचा खास आजार आहे. गाडी हीट होते म्हटलं की काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. "कोकणात कशाला हवा तो?" म्हणतात. काटा खाली येतो, गिऱ्हाईक खूश. पण आता इंजिन कधी नीट गरमच होत नाही. कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, इंजिन लवकर झिजतं. मूळ दुखणं, म्हणजे चोंदलेला रेडिएटर, कधी कधी चालणारा फॅन किंवा दाब न धरणारं रेडिएटरचं झाकण, तसंच राहतं. ते झाकण दीड-दोनशेला मिळतं. ते दाब धरतं म्हणून आतलं पाणी शंभर डिग्रीला उकळत नाही. झाकण सैल झालं की चढावर उकळी. तेव्हा झाकण, थर्मोस्टॅट, फॅन स्विच तपासा, आणि नळाचं पाणी न टाकता कुलंट भरा. घाटात ही कामं कुठल्याही 'स्पोर्ट्स' पार्टपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

क्लच सरकतोय का हे चढावर कळतं. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी त्या मानाने पुढे गेली नाही, शिवाय जळका वास, म्हणजे प्लेट गेली. हा खर्च मोठा, मजुरी धरून चार-सहा हजार तरी लागतात. म्हणून सरकत असेल तरच करा. 'जुनी आहे, बदलून टाकू' असं नको.

आता पैशाचं गणित, कारण मुद्दा तोच आहे

समजा तुम्ही रोज साठ किलोमीटर, महिन्यात पंचवीस दिवस माल पोहोचवता. म्हणजे १,५०० किलोमीटर. ॲव्हरेज १४ असेल तर १०७ लिटर पेट्रोल लागतं. वरची गळती बंद करून ते १७ झालं तर ८८ लिटर. फरक १९ लिटरचा. लिटरला १०५ रुपये धरले तर महिन्याला जवळपास दोन हजार. या कामांना सगळे मिळून सहा हजार गेले तर तीन महिन्यांत वसूल, आणि चौथ्या महिन्यापासून दर महिन्याला दोन हजार तुमच्या खिशात.

आता हेच गणित आठ हजारांच्या फ्री-फ्लो सायलेन्सरला लावा. वसुली किती महिन्यांत? मी बॅचमध्ये विचारतो तेव्हा सगळे हसतात. आवाज वाढतो, गाडी वेगवान वाटते. ४८ पीएसच्या, टर्बो नसलेल्या इंजिनावर त्याने काही वाढलंच तर ते मालाच्या चार खोक्यांएवढंही नसतं.

खोक्यांचं खरंच बोलतोय. हजार किलोच्या गाडीतून पन्नास किलो उतरवले तर चढावर पाच टक्के ओढ वाढते. ४२ पीएसचे पाच टक्के म्हणजे दोन पीएस, फुकट. डिकी उघडून बघा: जुनी बॅटरी, पाण्याचा अर्धा कॅन, मागच्या आठवड्याचे रिकामे क्रेट, ताडपत्री, लग्नातली खुर्ची. (हसू नका, खुर्ची मी स्वतः काढलीय एका गिऱ्हाइकाच्या ओम्नीतून.) रिकामे क्रेट जाताना वर नेऊन परत खाली आणणारे तर किती तरी. टपावरचं कॅरिअर रिकामं असताना काढून ठेवा, ते हवा अडवतं. आणि खड्या चढावर दोन मिनिटं एसी बंद करा. एवढ्याशा इंजिनाचे दोन-चार पीएस कॉम्प्रेसरच खातो.

सव्वा किलोमीटर खाली उतरताना

सगळे चढण्याचं विचारतात. उतरण्याचं कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते खर्च करण्याची खरी जागा ती आहे.

हजार किलोची गाडी सव्वा किलोमीटर वर नेताना जी ऊर्जा घातली, ती उतरताना कुठे तरी जायलाच हवी. ती उष्णता होऊन बाहेर पडते. किती? साधारण चाळीस लिटर पाणी उकळायला आणता येईल इतकी. गिअरमध्ये उतरलात तर त्यातला मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रल टाकून, 'पेट्रोल वाचतं' म्हणत उतरलात तर सगळा भार चार छोट्या ब्रेकवर. आणि पेट्रोलही वाचत नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये पाय सोडून उतरताना पेट्रोल जवळजवळ बंदच असतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं.

आता ब्रेक ऑइल. नाव ऑइल असलं तरी ते तेल नाही, हवेतला ओलावा ओढून घेणारं द्रव आहे. डॉट ३ प्रकारचं नवीन ब्रेक ऑइल किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यायलेलं १४० डिग्रीलाच उकळू शकतं. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. उकळलं की त्यात बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि तुमचं पेडल खाली जातं पण गाडी थांबत नाही. कोकणात चार महिने हवा ओली, वर रोजचा घाट. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण ब्रेक ऑइल बदलून हवा काढून घ्यायची. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, आणि फरक शे-पन्नास रुपयांचा असतो. माझ्या मते आपल्या भागातल्या जुन्या गाडीचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोलाचं अपग्रेड हेच. मजुरीसकट हजाराच्या आत होतं.

बरोबर पुढचे डिस्क पॅड, मागचे लाइनर आणि मागचे व्हील सिलिंडर गळतात का ते बघून घ्या. ब्रेकचे पार्ट कंपनीचे किंवा नावाजलेल्या बनावटीचेच घ्या आणि पक्कं बिल घ्या. पॅडमध्ये डुप्लिकेट माल खूप येतो. खोका हुबेहूब असतो, भाव मात्र संशय येईल इतका कमी असतो. फिल्टर डुप्लिकेट निघाला तर ॲव्हरेज जाईल. पॅड डुप्लिकेट निघाला तर काय जाईल हे लिहायची गरज नाही.

टायर: मोठे नकोत, नवे हवेत

अल्टोला कंपनीने १४५/८० आर १२ टायर दिलाय. लोक त्याच्या जागी १४ इंची अलॉय आणि १६५/६५ टायर मागतात. दिसायला झकास. गणित बघा. मूळ टायरची उंची साधारण ५३.७ सेंटिमीटर. नवीन टायरची ५७. म्हणजे चाक सहा टक्क्यांनी मोठं झालं. परिणाम असा की प्रत्येक गिअरमधली ओढ सहा टक्क्यांनी घटली. पिकअप नाही म्हणून आलेला माणूस वीस-पंचवीस हजार देऊन पिकअप अजून कमी करून जातो. वर स्पीडोमीटरही खऱ्यापेक्षा कमी दाखवायला लागतो.

मूळ मापाचे, ताज्या तारखेचे टायर घ्या. टायरच्या बाजूला 'डॉट'च्या कोडमध्ये शेवटचे चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गोट्या (रबराची नक्षी) दिसतायत म्हणून आठ वर्षांचा टायर चांगला समजू नका. रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. सेकंडहॅन्ड टायर घेण्याचा मोह धंद्याच्या सुरुवातीला होतो, पण तिथे वाचवलेले हजार रुपये पहिल्या पावसात महाग पडतात. चारही एकदम परवडत नसतील तर दोन घ्या, आणि ते मागे बसवा. अनेकांना हे उलटं वाटतं. पण पुढचं चाक सरकलं तर स्टिअरिंगला कळतं, तुम्ही पाय काढता. मागचं सरकलं तर वळणावर गाडी फिरते.

हवेचा दाब ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतो, भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असेल तर माल असताना तो ठेवा. सकाळी, टायर गार असताना भरा.

शॉकअपचं एक वेगळंच गणित आहे. हिवाळ्यात आपल्याकडची बरीच मुलं काजू, कोकम, पापड वर देतात आणि येताना स्ट्रॉबेरी आणतात. स्ट्रॉबेरीला धक्का सहन होत नाही. मागचे शॉकअप गेलेले असतील तर घाट उतरेपर्यंत खालच्या थरातल्या पनेटचा रस झालेला असतो. दोन शॉकअपला तीन-चार हजार लागतात. रोज दोन-तीन पनेट वाया जात असतील तर सीझन संपायच्या आत ते पैसे वसूल होतात. म्हणजे तुमचा माल काय, यावर अपग्रेड ठरतं. लोखंडी सामान नेणाऱ्याला शॉकअपची घाई नाही, केक पोहोचवणाऱ्या ताईंना ती सगळ्यात आधी. स्प्रिंगमध्ये घालायचे रबरी बफर मी विकतो, पण बसलेल्या स्प्रिंगवर तो उपाय तात्पुरता आहे. स्प्रिंगच बदला.

जे घेऊच नये

सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचं 'फ्युएल सेव्हर' यंत्र. आत दिवा लावणारं सर्किट असतं, बाकी काही नाही. कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो आणि आपली धूळ आत सोडतो, दोन्ही वाईट. ९५-९७ ऑक्टेनचं महागडं पेट्रोल या इंजिनाची ताकद वाढवत नाही, ते जास्त कॉम्प्रेशनच्या इंजिनासाठी आहे. शंभर वॅटचे बल्ब जुन्या वायरिंगला वितळवतात. त्यापेक्षा मूळ वॅटचेच बल्ब ठेवून रिले असलेली वायरिंग घाला आणि काचा पॉलिश करा, घाटातल्या धुक्यात फरक स्वतः बघाल.

सीएनजी किटचं खूप जण विचारतात. ते पैसे वाचवण्याचं साधन आहे, ताकद वाढवण्याचं नाही. सीएनजीवर ओढ कमी होते, टाकीचं वजन वाढतं आणि डिकी जाते. महाड-माणगाव सपाटीला रोज खूप चालवणाऱ्याला गणित जमू शकतं, आंबेनळीवाल्याला कठीण. बसवलंच तर मान्यताप्राप्त किट, आरसीवर नोंद, आणि दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट. यातलं एकही चुकवायचं नाही.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद आली. ८०० मध्ये मोठं इंजिन टाकून देणारे भेटतील. कागदावर नसलेलं इंजिन घेऊन अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारेल. धंद्याची गाडी आहे, एक क्लेम नाकारला तर धंदाच बसतो.

किती खर्च करायचा, हे आरसी सांगते

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. तुमच्या आरसीवरची शेवटची तारीख बघा. २०१२ ची गाडी असेल तर २०२७ ला नूतनीकरण, पुढे पाच पाच वर्षांचं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरण फी ६०० वरून ५,००० झाली, वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त, शिवाय आपल्या राज्याचा हरित कर वेगळा. आता समजा तारखेला दहा महिने राहिलेत आणि तुम्ही पुढे गाडी ठेवणार नाही. मग टायरचे चार वर्षांचे पैसे दहा महिन्यांत वसूल होणार नाहीत. अशा वेळी ब्रेक, कुलंट आणि दोन टायर, बस. उरलेले पैसे पुढच्या गाडीच्या डाउन पेमेंटला. ठेवणार असाल तर वीस हजारांत मी साधारण असं बसवतो: पाच-सहा हजार गळती बंद करायला, तीनेक हजार ब्रेक आणि कूलिंगला, सहा हजारांच्या आसपास दोन टायर आणि अलाइनमेंट, आणि पाच हजार हात न लावता बाजूला. ते पाच हजार घाटात बंद पडण्याच्या दिवसासाठी आहेत. टो करून आणणं, एक दिवसाची ऑर्डर बुडणं, गिऱ्हाइकाला परत फोन करणं, हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये लोक धरत नाहीत.

फरशी गंजून हात आत जात असेल किंवा कॉम्प्रेशन पडलेलं असेल तर यातलं काहीच करू नका. आहे त्या स्थितीत गाडी द्या.

आणि ठेवणार असाल तर वेळ साधा. नूतनीकरणाला गाडी दाखवायला न्यायची असते, आपल्या एमएच-०६ वाल्यांना पेण कार्यालयाचं काम. तिथे ब्रेक, टायर, दिवे, धूर हेच बघतात. म्हणून ही कामं पासिंगच्या आधीच्या महिन्यात काढा. नाहीतर मार्चमध्ये टायर घालायचे आणि पुढच्या वर्षी पासिंगसाठी तेच काम 'घाईघाईत, जे मिळेल ते' म्हणून पुन्हा करायचं, हे दुकानात दर आठवड्याला बघतो. बिलं एका पिशवीत ठेवा, किलोमीटर बिलाच्या मागे लिहा. गाडी विकायला काढाल तेव्हा त्या पिशवीमुळे घासाघीस कमी होते.